नव्या ऑफिसातला जुना सेक्रेटरी

प्रश्न : ताई, मी एसटीतून निवृत्त झालेला कारकून. मिरजेतल्या आमच्या सोसायटीची इतिवृत्ते, नोटिसा, मेंटेनन्सचा हिशेब सगळे माझ्याकडे आहे आणि ते मी बरीच वर्षे लिबरऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरवर करतो. विंडोज १० चे अपडेट बंद झाले म्हणून मुलाने नवा लॅपटॉप घेऊन दिला. जुन्यावर त्याची ५.२ आवृत्ती होती, यावर २५.८ आहे. पहिल्यांदा उघडले तेव्हा स्क्रीन कशी हवी ते विचारले, मी चित्र बघून टॅबवाली निवडली. आता फाइल, एडिट, टूल्स ही ओळच गायब! शिवाय नोटिशीचा अक्षराचा आकार वाढवला की अर्धीच नोटीस मोठी होते. मी वीस आवृत्त्या मागे राहिलो म्हणून असे होते का? जुने परत आणू की नवे शिकू?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वीस आवृत्त्यांचे ओझे आधी उतरवून ठेवा. ७.६ नंतर २०२४ पासून क्रमांकाची पद्धतच बदलली, आधी वर्ष आणि मग महिना. २५.८ म्हणजे ऑगस्ट २०२५. तुमचे ५.२ हे २०१६ चे. टॅबची पट्टी त्याच्या पुढच्या ५.३ मध्ये, तीही प्रायोगिक म्हणून आली. त्यामुळे ती तुम्हाला अनोळखी वाटणारच.

जुने रूप कुठेही गेलेले नाही. 'व्ह्यू' टॅबमध्ये 'यूजर इंटरफेस' दाबा, 'स्टँडर्ड टूलबार' निवडा आणि 'अप्लाय टू ऑल' म्हणा. रायटर (लेखनाचा भाग), कॅल्क (हिशेबाचा भाग) सगळीकडे जुनी मेनूची ओळ परत येईल. टॅब ठेवून नुसती ओळ हवी असेल तर पट्टीच्या अगदी डाव्या टोकाला मेनूबारचे छोटे चिन्ह आहे, ते दाबायचे.

आता माझे मत विचारलेत म्हणून सांगते. इचलकरंजीत टायपिंगचा क्लास चालवताना दोन्ही प्रकारची माणसे रोज समोर बसतात. नवी मुले शाळेपासून टॅबच बघत आलेली, त्यांना मेनू दाखवला की ती गोंधळतात. म्हणून क्लासच्या मशीनवर टॅब. घरी मी स्वतः जुनीच टूलबार वापरते आणि उजवीकडचा साइडबार उघडा ठेवते. कारण साधे आहे. आजकालचे लॅपटॉप रुंदीला ऐसपैस आणि उंचीला कंजूष. टॅबची जाड पट्टी नेमकी उंची खाते, साइडबार रुंदीतून जागा घेतो. टॅबच हवे असतील तर 'टॅब्ड कॉम्पॅक्ट' नावाचा बुटका प्रकार घ्या, ओळी जास्त दिसतात.

एका बाबतीत टॅबना मानते. कर्सर तक्त्यात गेला की 'टेबल' टॅब आपोआप उगवतो. ओळ घाला, रकाना काढा, चौकटी जोडा, सगळे एका जागी. तुमच्या थकबाकीच्या यादीला हे फार सोयीचे. दोन-तीन सभांची इतिवृत्ते टॅबवर करून बघा, मग ठरवा.

आणि बोटांना जे पाठ आहे ते कुठल्याही रूपात चालते. कंट्रोल+एफ१२ ने रायटरमध्ये तक्ता येतो, एफ११ ने स्टाइल्स (फॉन्ट-आकाराची ठरवून ठेवलेली रूपे), कंट्रोल+१ ने मुख्य मथळा. एखादी गोष्ट सापडलीच नाही तर शिफ्ट+एस्केप दाबा. एक चौकट उघडते, तिच्यात आज्ञेचे नाव टाइप केले की ती समोर येते. ७.२ पासूनची ही सोय तुमच्या जुन्या मशीनवर नव्हती. नव्या घरात हरवलेल्या माणसाला याहून मोठी मदत नाही.

अर्ध्या नोटिशीचे दुखणे मात्र वेगळे. रूप बदला नाहीतर ठेवा, ते जाणार नाही. माझा अंदाज असा की तुमच्या नोटिशीत जुना कृतिदेवमधला मजकूर चिकटवलेला आहे आणि खालचा युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाणित मराठी अक्षरांत, टाइप केलेला आहे. कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये आतून इंग्रजी अक्षरेच असतात, फक्त अंगावर मराठी आकार चढवलेले. त्यामुळे लिबरऑफिस त्या ओळींना 'वेस्टर्न' समजते. युनिकोड मराठीला ते 'सीटीएल', म्हणजे कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, या खात्यात टाकते. दोघांचा फॉन्ट वेगळा, आकारही वेगळा. स्टाइलमध्ये वेस्टर्नचा आकार वाढवलात तर कृतिदेवच्या ओळी फुगतात आणि युनिकोडच्या आहेत तशाच राहतात.

उपाय : 'टूल्स'मधून 'ऑप्शन्स', तिथे 'लँग्वेजेस अँड लोकेल्स', मग 'जनरल'. कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउटची खूण करून भाषा मराठी निवडा. मग रायटरच्या पर्यायांत 'बेसिक फॉन्ट्स (सीटीएल)' दिसेल, तिथे तुमचा देवनागरी फॉन्ट आणि आकार एकदाच ठरवून टाका. कृतिदेवचा मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा. जुनी सगळी इतिवृत्ते एकदम बदलत बसू नका. ज्या नोटिशी दरवर्षी पुन्हा लागतात (वार्षिक सभा, थकबाकी, पाण्याची टाकी) तेवढ्याच आधी उरका. बदलल्यावर जोडाक्षरे आणि रफार डोळ्यांनी तपासा, कन्व्हर्टर तिथेच घसरतात.

जुना लॅपटॉप अजून घरात असेल तर भंगारात देण्याआधी एक काम करा. तुम्ही शब्दकोशात घातलेली सभासदांची आडनावे आणि साठवलेला ऑटोटेक्स्ट (पुन्हा पुन्हा लागणारा तयार मजकूर) विंडोजच्या ॲपडेटा फोल्डरमध्ये, 'लिबरऑफिस', '४', 'यूजर' अशा क्रमाने आत असतो. होय, २५.८ मध्येही त्या फोल्डरचे नाव ४ च आहे, घाबरू नका. त्यातले 'वर्डबुक' आणि 'ऑटोटेक्स्ट' एवढेच नव्या मशीनवर त्याच जागी न्या. पूर्ण 'यूजर' उचललात तर जुन्या सेटिंग्जही मागोमाग येतात.

प्रश्न : आमचे ऑडिटर वर्डची फाइल पाठवतात. माझ्याकडे लिबरऑफिसमध्ये तिची पाने वाढतात. दोष कुणाचा?
— एक वाचक, कराड

उत्तर : बहुतेकदा फॉन्टचा. वर्डचा नेहमीचा फॉन्ट २००७ पासून कॅलिब्री होता. लिबरऑफिससोबत कार्लिटो येतो, त्याची अक्षरे कॅलिब्रीइतकीच रुंद, म्हणून पाने जुळायची. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ॲप्टॉस पुढे केला. तो तुमच्या मशीनवर नसेल तर दुसराच फॉन्ट लागतो आणि ओळी खाली सरकतात. ऑडिटरांना सांगा, नुसते वाचून सही करायची असेल तर पीडीएफ पाठवा. दुरुस्ती करून परत द्यायची असेल तर मजकुराला कॅलिब्री लावून डॉकेक्स (वर्डची नेहमीची फाइल) पाठवा. तुमची मूळ प्रत ओडीटीमध्येच (लिबरऑफिसची स्वतःची फाइल) ठेवा आणि डॉकेक्स फक्त पाठवताना काढा. दर वेळी इकडून तिकडे करत राहिलात तर तक्त्यांच्या रेघा हळूहळू बिघडतात.