गोव्यात ६० हजारांत गेमिंग पीसी बांधायचाय, कुठले पार्ट घेऊ?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा डिचोलीचा, यंदा इंजिनिअरिंगला फर्स्ट इयर, घरून ६० हजार मिळणार तेही मॉनिटर धरून, खेळायचंय व्हॅलोरंट आणि जीटीए ५, जमलं तर सायबरपंक पण. म्हापशातल्या एका दुकानाने ४२ हजारांचं कोटेशन दिलंय, त्यात आय७ प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, जीटी ७३० चं ४ जीबी ग्राफिक कार्ड आणि ५०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). घेऊ का?

नको रे बाबा. तुला 'तू' म्हणतोय तर राग मानू नको, फर्स्ट इयर म्हणजे माझ्या भाच्याच्या वयाचा असशील, आणि मी साखळीचा म्हणजे तुझ्याच तालुक्यातला.

आधी ते आय७ बघू, कारण खरी गोम तिथेच आहे. मानकुराद म्हणून कोणी तुला गेल्या मे महिन्यातला आंबा दिला तर घेशील काय? आय७ चं तसंच आहे, नाव तेच राहतं, साल बदलतं. एच६१ बोर्डावर इंटेलचा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या जनरेशनचाच प्रोसेसर बसतो, म्हणजे फार तर २०१२ चा आय७ ३७७०. त्याच्या काळात तो राजा होता हे मान्य, पण विंडोज ११ इंटेलच्या आठव्या जनरेशनच्या मागे अधिकृतपणे चालतच नाही, विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट (बोर्डावरची सुरक्षेची सोय) मागतं, म्हणजे जबरदस्तीने विंडोज ११ टाकलं तरी ज्या गेमसाठी हा सगळा खटाटोप तोच एरर दाखवून बसणार. २०२२ चा चार कोरवाला साधा आय३ १२१००एफ गेममध्ये त्या आय७ला आरामात मागे टाकतो. ग्राफिक कार्डाची पण तीच गत. "४ जीबी" ऐकलं की आपले बाबा लोक खूश. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड, तेव्हासुद्धा ते पिक्चर बघायला नाहीतर दुसरा मॉनिटर जोडायलाच लोक घ्यायचे. त्याच्यावर ४ जीबी मेमरी म्हणजे पायलटच्या भाड्याच्या मोटारसायकलीला कदंबा बसची डिकी लावल्यासारखं, सामान मावेल पण ओढणार कोण?

आता तुला यूट्यूबवाले सांगतात त्याच्या उलट सांगतो. ते सगळे यादी ग्राफिक कार्डापासून सुरू करतात. तू भिंतीतल्या सॉकेटपासून कर.

माझा पहिला पीसी जुन्या कौलारू घरात होता, एसएमपीएस कॅबिनेटबरोबर फुकट आलेला. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण व्हायची, टेस्टर लावला की मंद पेटायचा. दुकानदार म्हणाला स्टॅटिक आहे, सोडून द्या. स्टॅटिक कसलं, घरात अर्थिंगच नव्हतं. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, ते थोडासा करंट अर्थच्या तिसऱ्या पिनमधून जमिनीत सोडतात, आणि ती पिन कुठे जोडलेलीच नसेल तर तेच व्होल्टेज, साधारण ११५ च्या आसपास, कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतं. करंट अगदी किरकोळ असतो म्हणून माणूस मरत नाही, पण एचडीएमआय केबल चालू पीसीत घालताना त्यानेच पोर्ट जाऊ शकतो. जुन्या घरात तीन पिनांचा सॉकेट दिसला म्हणजे आत अर्थची वायर असेलच असं नाही. इलेक्ट्रिशियनला बोलावून तपासून घे. माझ्याकडे त्याने मागच्या बाजूला खड्डा मारून कोळसा-मीठ भरून प्लेट पुरली, आणि निघताना सांगून गेला की उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. खरं होतं ते, आपली चिऱ्याची जमीन मे महिन्यात कोरडी ठणठणीत होते आणि कोरड्या मातीत अर्थिंग असून नसल्यासारखं. झिणझिण त्या दिवसापासून बंद.

अर्थिंग झालं की एसएमपीएस. दुकानात मागून घे, उलटा कर आणि स्टिकर वाच. मोठ्या अक्षरात ५०० वॅट लिहिलेलं असतं तिकडे बघूच नको, खाली तक्त्यात १२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलेत ते बघ. मी एकदा काउंटरवरच असा एक उलटा केला होता, १२ व्होल्टला १६ अँपिअर. गुणाकार कर, १९२ वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड दोन्ही त्या १२ व्होल्टवरच जगतात, बाकीचे वॅट स्टिकरवर शोभेला. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर तिथे ४० च्या वर अँपिअर असतात, ८० प्लस ब्राँझचा शिक्का असतो आणि बऱ्याच मॉडेलवर पाच वर्षांची वॉरंटी. ८० प्लस म्हणजे वीज किती वाया जात नाही त्याचा शिक्का, आतला माल किती टिकाऊ त्याचा नव्हे, म्हणून वॉरंटीची वर्षं पण बघायची. साडेतीन-चार हजार जातील. जाऊ देत.

यूपीएस पण लागणारच, जून लागला की आपल्याकडे लाईट दिवसातून किती वेळा डोळे मिचकावते ते तुला सांगायला नको. ६०० व्हीएचा (व्हीए म्हणजे यूपीएसची क्षमता) लोक डोळे झाकून उचलतात, पण तो देतो साधारण ३६० वॅट. आरएक्स ६६०० ग्राफिक कार्डाचे १३२, प्रोसेसरचे सत्तर-पंचाहत्तर, बाकी बोर्ड, पंखे, मॉनिटर धरून खेळताना अडीचशे-पावणेतीनशेपर्यंत जातं, म्हणजे ६०० व्हीएवर चालेल पण सेव्ह करून बंद करण्याइतकाच वेळ मिळेल आणि बॅटरी थोडी म्हातारी झाली की तोही नाही. जमलं तर १००० व्हीए घे. आणि घरात इन्व्हर्टर आधीच असेल तर त्याच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते नॉर्मलवर असेल तर लाईट जाताना पीसी रीस्टार्ट होतो, यूपीएसवर टाकलं की सहसा नाही होत. आमच्याकडे दोन वर्षं ते नॉर्मलवरच होतं आणि मी विंडोजला शिव्या घालत होतो.

बरं, आता पार्ट. भाच्याचा पीसी मी २०२४ ला चवथीच्या आधी बांधला, तेच आकडे अंदाजाला देतो, आज जशेच्या तशे मिळणार नाहीत. रायझन ५ ५६०० साडेदहा हजार, बी५५० बोर्ड साडेसात-आठ, रॅम ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या सव्वातीन, आरएक्स ६६०० साडेवीस, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी तीनच्या वर, एसएमपीएस चार, कॅबिनेट पावणेतीन, आणि १४४ हर्ट्झचा २४ इंची मॉनिटर साडेनऊ. साठच्या थोडं वर गेलं, यूपीएस आजोबांनी दिला. त्यानंतर २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव एकदम भडकले, मेमरी बनवणाऱ्या कंपन्या एआयच्या सर्व्हरकडे वळल्या म्हणून, त्यामुळे रॅमचा आजचा भाव विचारल्याशिवाय बाकीची यादी पक्की करू नको. कुठेतरी कापावं लागलंच तर प्रोसेसर कापून आय३ १२१००एफवर ये, कॅबिनेट स्वस्तातलं घे, एसएसडी सध्या ५०० च ठेव. एसएमपीएस कापायचा नाही.

रायझन ५ ५६०० की आय५ १२४००एफ यावर पोरं भांडत बसतात. दोन्ही सहा कोर बारा थ्रेडचे, तुझ्या कार्डाबरोबर दोघांत फरक कळणार पण नाही, ज्याचा बोर्डासकट हिशेब स्वस्त बसेल तो घे. एक लक्षात ठेव, या दोघांत स्वतःचं ग्राफिक्स नाही, म्हणजे कार्ड वॉरंटीला गेलं की स्क्रीन काळी. म्हणून कोणी ५६००जी सुचवेल, त्याच्यात स्वतःचं ग्राफिक्स आहे, पण कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ५६०० च्या निम्मा, १६ एमबी, आणि पीसीआयई (कार्ड जोडायचा रस्ता) जुना ३.० च. आत्ता कार्डाला पैसेच नसतील, सहा महिन्यांनी घेणार असशील तरच त्याला अर्थ आहे. एएमडीचा (रायझनवाली कंपनी) एएम५ हा नवीन प्लॅटफॉर्म २०२२ ला आला, पुढे प्रोसेसर बदलायला तोच बरा, पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते आणि ६० हजारांत मॉनिटर धरून ओढाताण होते.

कार्डात आरएक्स ६६०० च का, तर ८ जीबी मेमरी, एकच ८ पिनची केबल, कमी वीज, आणि फुल एचडीला जीटीए ५ आणि व्हॅलोरंट पळतातच, सायबरपंक रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा भारी इफेक्ट) बंद ठेवून व्यवस्थित खेळता येतं. बजेट ताणता आलं तर आरटीएक्स ४०६०, ते ११५ वॅटवरच चालतं. आरएक्स ६५०० एक्सटी ४ जीबी स्वस्त दिसेल, त्याच्या नादी लागू नको, त्याला पीसीआयईच्या चारच लेन आहेत आणि ३.० च्या बोर्डावर ते अजून मार खातं. सेकंडहँड घ्यायला हरकत नाही पण किनाऱ्यावरून येणारा माल नीट बघून घे. मी कळंगुटला एक आरटीएक्स ३०६० कार्ड बघायला गेलो होतो, मालक सज्जन माणूस, बिलसुद्धा होतं, पण कार्ड उलटं केलं तर मागच्या पट्टीवर गंज आणि एचडीएमआय पोर्टच्या कडेला हिरवट बुरा. खाऱ्या हवेचं काम. चालत होतं तेव्हा, पण मी हात जोडून परत आलो.

रॅमच्या दोन पट्ट्या मुद्दाम सांगतोय, १६ ची एकच घेतली तर सिंगल चॅनल चालते आणि गेममध्ये फ्रेम पडतात. लावून झाल्यावर बायोसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी चालू कर, नाहीतर ३२०० ची रॅम २४०० नाहीतर २६६६ वर मुकाट चालत राहते. मॉनिटरचं पण असंच. केबल बोर्डाला नाही, ग्राफिक कार्डाला लावायची, आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन १४४ हर्ट्झ स्वतः निवडायचं. माझा एक मित्र सहा महिने ६० हर्ट्झवर खेळत होता आणि १४४ मध्ये काय फरक दिसत नाही रे म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होता.

खरेदी कुठे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर स्वस्त पडतं हे खरं, आपले साखळी-डिचोलीचे लोक चोर्ला घाटातून बेळगावला पण जातात, ऑनलाइन तर आहेच. मी स्वतः प्रोसेसर, रॅम, एसएसडी बाहेरून घेतो कारण ते सहसा बिघडत नाहीत, आणि एसएमपीएस, बोर्ड, मॉनिटर इथल्याच दुकानातून, दोन-चारशे जास्त देऊन, कारण बिघडले तर हेच बिघडतात आणि मॉनिटर कुरिअरला देताना माझ्या पोटात गोळा येतो. बिल जीएसटीचंच घे, त्याच्यावर सिरियल नंबर टाकून घे, कागदावर पेनने लिहिलेलं एस्टिमेट वॉरंटीला उपयोगाचं नाही. खोकी माळ्यावर टाकून ठेव, पण पावसात तिथे बुरशी येते, प्लास्टिकमध्ये बांधून.

पावसाळ्यात पीसी आठवडाभर बंद ठेवू नको, परीक्षा असली तरी रोज अर्धा तास चालू कर, आत ऊब राहिली की ओल धरत नाही. कॅबिनेट जाळीचं चांगलं, पण पुढचा फिल्टर काढून धुता येईल असंच बघ, तुमच्या रस्त्यावरची तांबडी धूळ किती आत जाते ते महिन्याभरात कळेल. ढग गडगडायला लागले की नुसता प्लग काढून भागत नाही, इंटरनेटची लॅन केबल पण काढ. ऑक्टोबरच्या एका संध्याकाळी मी प्लग काढून निवांत चहा पीत बसलो होतो आणि वीज आली ती राउटरमधून लॅन केबलने, बोर्डाचा लॅन पोर्ट कायमचा गेला, बाकी सगळं शाबूत. अजून त्या पीसीला यूएसबीचा वायफाय लावून चालवतोय.

आणि एक राहिलं. कार्ड बसवताना कॅबिनेटच्या मागच्या दोन पट्ट्या काढाव्या लागतात. आमच्याकडे घाईत तीन निघाल्या आणि तिसरी फट तशीच राहिली. जुलैमध्ये एके रात्री गेम चालू असताना फट्ट आवाज आला, पीसी बंद, आणि खोलीभर सुकं बांगडं करपल्यासारखा वास. उघडलं तर एसएमपीएसच्या आत पाल, उबेला गेली असणार. पाच वर्षांची वॉरंटी होती पण पालीला नाही. तर ती तिसरी पट्टी निघाली असेल तर परत लाव, हरवली असेल तर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा कापून आतून चिकटव, एसएमपीएसच्या पंख्यावर मात्र जाळी मारू नको, तो गरम होतो.