ध्यानाला बसताना कोणता क्रिस्टल घ्यावा? सात दगडांचा सेट घेऊ का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीमुळे बडोद्यात नवीन आला आहात, रोज रात्री थोडा वेळ शांत बसून दिवसभराचा विचार करायला सुरुवात केली आहे, आणि मोबाइलवर सारखा २,५०० रुपयांचा ‘सप्तचक्र क्रिस्टल सेट’ समोर येतोय. तो घ्यावा, की एकटा ॲमेथिस्ट (जांभळा क्वार्ट्झ), की स्फटिक (पारदर्शक क्वार्ट्झ)? खरा-खोटा कसा ओळखायचा? आणि ‘चार्ज’ कसा करायचा, म्हणजे विक्रेते म्हणतात तशी त्यात ऊर्जा कशी भरायची?

सेट घेऊ नका. एकच दगड घ्या, आणि बडोद्यात राहताय तर तो अकीक (ॲगेट) घ्या.

मी इथल्या एम. एस. युनिव्हर्सिटीत भूविज्ञान शिकले, पुढे नोकरी मात्र हिशेबाच्या खात्यात केली. घर दत्तभक्तांचं. गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला जाणं-येणं लहानपणापासून. त्यामुळे दगड हातात घेतला की त्याची कठीणता मनात येते आणि जपाची बोटंही आपोआप हलतात. दोन्हींचं भांडण मला कधी जाणवलं नाही. तरी विक्रेत्यांची भाषा ऐकली की कान टवकारतात.

त्यातलं ठरलेलं वाक्य म्हणजे, “क्वार्ट्झमध्ये ऊर्जा असते, म्हणून तर घड्याळात घालतात.” क्यूरी भावंडांनी, म्हणजे झाक आणि पियर यांनी, १८८० मध्ये दाखवलं की क्वार्ट्झसारखे क्रिस्टल दाबले की त्यांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो. उलट त्यांना वीज दिली की ते कंप पावतात. तुमच्या मनगटी घड्याळातला क्वार्ट्झचा चिमुकला तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. पण सेल काढला की घड्याळ थांबतं, म्हणजे ऊर्जा सेलची, क्वार्ट्झकडे फक्त ताल धरायचं काम. तळहातावर ठेवलेल्या दगडाला कोणी सेल जोडत नाही.

२००१ मध्ये लंडनच्या गोल्डस्मिथ्स कॉलेजातले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर फ्रेंच यांनी एक प्रयोग मांडला होता. ८० जणांना ध्यानाला बसवलं, निम्म्यांच्या हातात खरा क्वार्ट्झ, निम्म्यांच्या हातात नकली. आपल्याकडे कोणता आहे हे बसणाऱ्यांना माहीत नव्हतं. हातात ऊब, मुंग्या, मन एकाग्र होणं असे अनुभव दोन्हीकडे सारखेच आले. क्रिस्टलवाल्यांची टिंगल करायला हा प्रयोग हमखास वापरला जातो. मला त्यात बसणाऱ्याची बाजू जास्त दिसते. त्या लोकांना काहीतरी जाणवलं, हे खरंच आहे. ते जाणवणं त्यांचं त्यांनीच घडवलं. दगडाने फक्त भटकलेल्या लक्षाला परत यायला एक जागा दिली. तेव्हा निवड करताना ‘हा दगड काय देतो’ ही यादी बाजूला ठेवा आणि ‘याच्याजवळ माझं लक्ष टिकतं का’ एवढंच बघा.

लक्ष कशात रमतं हे माणसागणिक बदलतं. कुणाचं हातात, कुणाचं डोळ्यांत, कुणाचं मोजण्यात. तुम्ही लिहिलंय की बसल्यावर हातांचं काय करावं कळत नाही आणि बोटं फोनकडे जातात. म्हणजे तुम्ही हाताचे. तुम्हाला मुठीत मावेल असा, गुळगुळीत, जरा वजनदार आणि न झिजणारा दगड हवा. अकीक असाच असतो. तो क्वार्ट्झच्याच कुळातला, पण इतक्या बारीक कणांचा की डोळ्यांना कण दिसत नाहीत. कठीणता मोहसच्या एक ते दहाच्या मापावर सातच्या जवळपास, म्हणजे खिशात किल्ल्यांसोबत राहिला तरी त्याला ओरखडा पडणार नाही.

शिवाय तो इथला आहे. भरूच जिल्ह्यात झगडिया तालुक्यात रतनपूर आहे, तिथल्या टेकडीवर बाबा घोर यांचा दर्गा. आफ्रिकी मुळाचे सिद्दी लोक त्यांना मानतात आणि अकीकाचे कारागीरही. त्या भागात जमिनीतून अकीकाचे गोटे काढतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा थंड होताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे सिलिका (क्वार्ट्झ ज्याचा बनतो ते द्रव्य) विरघळलेलं पाणी त्यांत झिरपत गेलं आणि कांद्याच्या पापुद्र्यांसारखे थर आतून बसत गेले. नंतर तो खडक झिजला, कठीण गोटे मात्र शिल्लक राहिले आणि वाहत येऊन इथल्या थरांत गाडले गेले.

रतनपूरचा कच्चा माल खंभातला जातो. पुष्कळ गोटे मूळचे मळकट पिवळे-तपकिरी असतात. ते उन्हात वाळवून मडक्यात घालतात आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या किंवा भुश्याच्या मंद आगीत भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगातलं पाणी उडून जातं आणि रंग लाल होतो. मग कारागीर जमिनीत रोवलेल्या लोखंडी सळईच्या टोकावर गोटा टेकवून, म्हशीच्या शिंगाच्या हातोडीने टिचक्या मारत आकार काढतो. लोथलच्या हडप्पाकालीन वस्तीत मण्यांचा कारखाना सापडला आहे. आजच्या इराकमधल्या उर शहराच्या राजघराण्याच्या थडग्यांतले लाल मणी सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी सिंधू संस्कृतीच्या प्रदेशातून गेले होते. इतकी जुनी वाट बडोद्यापासून दोन तासांच्या आत असताना ब्राझीलचा दगड कुरियरने मागवायची मला तरी हौस नाही.

अकीक भाजलेला असला तर तो खोटा ठरत नाही, ती इथली जुनी रीत आहे. भडक निळा, गुलाबी किंवा पोपटी असेल तर मात्र बहुतेक वेळा रंगवलेला. पट्टेदार अकीक सच्छिद्र असल्यामुळे रंग पितो. रंगवलेला घ्यायलाही हरकत नाही, फक्त विकणाऱ्याने तसं सांगायला हवं. आत्मपरीक्षणाला बसायचं आणि हातात खोट्या नावाचा दगड धरायचा, हे मला खटकतं. माझा कटाक्ष नावाच्या खरेपणावर आहे, तो याचसाठी.

आता ॲमेथिस्ट, स्फटिक आणि बाजारात सोबत दिसणारे बाकीचे दगड.

ॲमेथिस्ट सुंदर असतो यात वाद नाही. त्याचा जांभळा रंग लोहाच्या अंशामुळे आणि जमिनीतल्या नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. पण कडक उन्हात बराच काळ राहिला तर फिका पडतो, आणि बडोद्याचा मे महिना तुम्ही अजून पाहिलेला नाही. भट्टीत तापवला की तोच पिवळा-केशरी होतो. बाजारात ‘सिट्रिन’ म्हणून जे बुडाशी पांढरं आणि वर गडद केशरी दिसतं ते बहुतांशी असा तापवलेला ॲमेथिस्ट असतं. नैसर्गिक सिट्रिन सहसा फिकट असतो. सेलेनाइट म्हणजे जिप्सम. नखाने ओरखडा पडतो, पाण्याने खराब होतो, रोज हाताळायला निरुपयोगी. ओपलाइट आणि चमकी असलेला ‘गोल्डस्टोन’ सरळ सरळ काच. स्वस्तातला फिरोजा बरेचदा रंगवलेला हाऊलाइट (एक पांढरा दगड) असतो.

डोळ्यांनी रमणारा कुणी हे वाचत असेल तर त्याच्यासाठी अपोफिलाइट. पुणे, नाशिक, जळगाव भागातल्या खडीच्या खाणींतून निघणारा हा दगड जगभरच्या क्रिस्टलच्या दुकानांत मिरवतो आणि आपल्याकडच्या लोकांना त्याचं नावही माहीत नसतं. नाजूक असतो, पटकन चिरतो. समोर ठेवून बघावा, मुठीत धरू नये.

मोजण्यात रमणाऱ्याने स्फटिकाची माळ घ्यावी. इथे फसवणूक सर्वांत जास्त, म्हणून जरा सविस्तर. ‘डायमंड कट’ किंवा गोल, कशीही असो, मण्यात गोल बुडबुडे दिसले तर काच. खरा स्फटिक हाताला काचेपेक्षा जास्त गार लागतो आणि गार राहतोही, कारण तो उष्णता लवकर ओढून नेतो. दोन्ही हातांत एकेक धरून बघा, फरक कळतो. ८ मिलिमीटरच्या १०८ मण्यांची स्फटिकाची माळ ७० ते ७५ ग्रॅमच्या आसपास भरते. प्लास्टिकची त्याच्या निम्मीही भरणार नाही. काच मात्र वजनात स्फटिकाच्या अगदी जवळ असते, त्यामुळे नुसत्या वजनावर ती पकडता येत नाही. मोठा गोळा असेल तर त्याखाली केस ठेवून गोळा फिरवा. स्फटिकातून काही कोनांत एका केसाचे दोन दिसतात, काचेतून कधीच नाही. कारखान्यात वाढवलेला क्वार्ट्झ मात्र घरी ओळखता येत नाही, कारण रचनेने तो क्वार्ट्झच असतो.

मुठीएवढ्या दगडाची परीक्षा स्वयंपाकघरातही होते. डिजिटल काटा घ्या, शक्यतो दशांश दाखवणारा. दगडाचं वजन करा. मग पाण्याचा पेला काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणा, दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल त्याने दगडाच्या वजनाला भागा. दगड ५३ ग्रॅम आणि पाण्यात आकडा २० आला, तर उत्तर २.६५. हा क्वार्ट्झचा आकडा. अकीक २.६च्या आसपास येतो, साधी काच २.५च्या, शिशाची काच ३ किंवा त्याहून वर. माझ्या ओळखीच्या एका मुलीने या रीतीने घरातले सगळे ‘खडे’ तपासले आणि मग चार दिवस सासूशी बोलणं बंद होतं. तेवढं सांभाळा.

सप्तचक्राच्या सेटबद्दल एक शेवटचं. त्यात अनाहत, म्हणजे हृदयाजवळच्या चक्राला हिरवा दगड देतात. सोळाव्या शतकात पूर्णानंदांनी लिहिलेल्या षट्चक्रनिरूपण या चक्रांवरच्या ग्रंथात अनाहताचा रंग बंधूकाच्या, म्हणजे दुपारीच्या फुलासारखा लाल सांगितला आहे. इंद्रधनुष्याच्या क्रमाने सात रंग लावायची पद्धत विसाव्या शतकातली, पाश्चात्त्य देशांत रुळलेली. तुम्हाला ती आवडत असेल तर खुशाल पाळा, पण ‘आपल्या ऋषींनी सांगितलंय’ म्हणून २,५०० रुपये देऊ नका. आणि व्यवहाराचंही बघा. समोर सात दगड असले की बसल्याबरोबर पहिला प्रश्न येतो, आज कोणता घेऊ? दहा मिनिटांतली तीन त्यातच जातात.

बसायचं कसं हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी मी काय करते ते सांगते. दगड डाव्या मुठीत, अंगठा त्याच्या सपाट बाजूवर. सुरुवातीला तो गार असतो. हाताची ऊब त्यात उतरेपर्यंत फक्त श्वास. तो कोमट झाला की दिवसातला एकच प्रसंग घ्यायचा, जिथे आपण चिडलो किंवा गप्प बसलो, आणि मी तेव्हा नेमकं काय टाळत होते हे बघायचं. मन पळालं की अंगठा हलवायचा. घड्याळ लावावं लागत नाही. मग वहीत दोन ओळी. यासाठी अकीकाचा चपटा, सुपारीपेक्षा बराच मोठा तुकडा बरा. फार मोठा असला तर मनगट दुखतं.

‘चार्ज’ करायची गरज नाही. धुवायचा असेल तर साधं पाणी आणि मऊ फडकं. मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवण्याचा सल्ला अकीक-स्फटिकाला फारसा बाधत नाही, पण पायराइट, सेलेनाइट, मोती यांची वाट लावतो. पौर्णिमेच्या चांदण्यात ठेवावासा वाटला तर ठेवा, त्यात नुकसान काही नाही. स्फटिकाचा गोळा मात्र उन्हाच्या खिडकीत कधीही ठेवू नका. तो भिंगासारखा ऊन एकवटतो आणि पडदा पेटू शकतो. आणि दगड घातलेलं पाणी पिऊ नका. मॅलाकाइटमध्ये तांबं असतं, गॅलेनामध्ये शिसं.

खरेदीला गेलात तर मांडवीच्या आसपासच्या जुन्या सराफांकडे चौकशी करा, किंवा एखादा रविवार काढून खंभातच गाठा. तिथे एक गोष्ट जरूर विचारा: दगड पाणी सोडून घासतात की कोरडाच? अकीक कोरडा घासला की सिलिकाची बारीक धूळ उडते, ती फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. खंभात भागात या रोगाने पुष्कळ कारागीर आणि त्यांच्या घरची माणसं गेली आहेत. ओल्यावर घासणाऱ्याकडून, धूळ ओढून घेणारं यंत्र लावणाऱ्याकडून घ्या, दोन पैसे जास्त पडले तरी. काही शे रुपयांत चांगला तुकडा मिळतो, म्हणजे ते परवडतं.

सेटमधला एखादा दगड खरंच मनात भरला असेल तर त्याचा उजेडात काढलेला फोटो इथे टाका. फोटोवरून सगळं कळत नाही, पण काच आणि रंगवलेला हाऊलाइट बहुधा ओळखता येतो.