पेटी करण्याआधी बँडोलियर शिव

अरे, नाईक यशवंत घाडगे यांच्या 1944 च्या इटलीतल्या लढाईवर मांडणी करतोयस, फार छान! पण काडतुसांची 7.62 मिमी छापलेली लोखंडी पेटी आणू नकोस, ती युद्धानंतरची. तेव्हा आपल्या रायफली .303 इंची काडतुसांच्या होत्या.

मी असतो तर आधी सुती बँडोलियर, म्हणजे खांद्यावरून घालायचा काडतुसांचा पट्टा, शिवला असता. पाच खिसे, प्रत्येकात पाच-पाच काडतुसं एकत्र धरणाऱ्या दोन क्लिपा, एकूण 50. खिसा काडतुसांनी ताणलेला दिसला पाहिजे, नाहीतर नुसती पिशवी वाटते. काडतुसं लाकडी, खरादावर काढलेली. खऱ्यांना शस्त्र कायदा लागतो.

लाकडी पेटीला फुलीचे स्क्रू अजिबात नकोत, सरळ खाचेचेच लाव. अक्षरं स्टेन्सिलने, जवळपास कोरड्या ब्रशने ठोकत उमटव. रंग ओला असला की कडेखाली पसरतो.