स्वयंपाकघराच्या व्हेंटिलेटरमधून पावसाचं पाणी आत येतं. सिलिकॉन मारून कायमचं बंद करावं का?

बंद करू नका. सिलिकॉनची नळी घेऊन धावणाऱ्यांचा मला राग आहे, आमच्या घरात यावरून अजून अबोला आहे.

मी चोपड्याला अॅल्युमिनियम सेक्शनचं काम करतो. भाचा इंजिनिअर. धुळ्याला त्याने बंगला बांधला, तेव्हा पश्चिमेचे सगळे छज्जे उडवले. म्हटलं, अरे, पाऊस तिकडूनच झोडपतो. तर म्हणे, "मामा, तुमले काय समजस, आते हाईच फॅशन शे." लूवरच्या, म्हणजे व्हेंटिलेटरमधल्या तिरप्या झडपांच्या, पट्ट्याही अशा अरुंद, की बाहेरून आतला ओटा दिसायचा. जिथून आरपार दिसतं तिथून पाऊस येणारच.

मृगाच्या तोंडावर वादळ आलं. ताईने उन्हात वाळवलेले बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, व्हेंटिलेटरखालच्या फळीवर डब्यात होते, ते पार लिबलिबीत झाले. मी शिडी लावली. पट्ट्यांतून येत होतं ते थोडंच. बाकीचं पाणी भिंतीवरून उतरून लिंटेलच्या, म्हणजे चौकटीवरच्या आडव्या तुळईच्या, खालच्या अंगाला चिकटत चिकटत चौकटीपर्यंत सरकत होतं, आणि खालच्या कट्ट्याला उतार आतल्या बाजूला! वर सूनबाईंचा एक्झॉस्ट चालू. तो हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा त्याच व्हेंटिलेटरमधून आत ओढली जाते, पाण्यासकट.

भाच्याने सिलिकॉन मारलं. खालची फटही बुजवली, म्हणजे शिरलेलं पाणी बाहेर जायची वाटच बंद. दिवाळीला भिंतीचे पोपडे सुटले.

आता म्हणतो, इम्पोर्टेड लूवर बसवू. बसव की! युरोपात ईएन 13030 या मानकाप्रमाणे लूवर तपासतात, सेकंदाला 13 मीटर वारा आणि तासाला 75 मिलिमीटर पाऊस सोडून. त्यातला सगळ्यात वरचा 'ए' वर्गसुद्धा 1 टक्क्यापर्यंत पाणी आत आलेलं चालवून घेतो. छज्जा नसेल तर लूवर एकटा काय करणार?

तुम्ही लिंटेलच्या खालच्या अंगालाच, बाहेरच्या कडेपासून थोडं आत, लांबसडक खाच मारून घ्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल. कट्ट्याला बाहेर उतार द्या. पट्ट्या एकीवर एक चढलेल्या, कडेला घडी असलेल्या घ्या. भिंत कुठल्या दिशेची ते तुम्ही लिहिलेलं नाही. पश्चिमेची असेल तर वर छज्जा हवाच, पूर्वेची असेल तर छज्ज्याचा खर्च टाळलात तरी चालेल. डासांची जाळी असेल तर ती धुवा, तुंबली की हवा येत नाही.

आणि हो, गॅस जिथे जळतो तिथला व्हेंटिलेटर कधीच बुजवू नये. बाथरूममधल्या गॅस गिझरने तर कार्बन मोनॉक्साइड साचून माणसं गेली आहेत. भाच्याकडे तोच गिझर आहे आणि तिथेही त्याने सिलिकॉनच मारलंय. ताईला सांगून झालंय माझं.