नवीन डेव्हलपरने लॅपटॉपवर कोणते स्निपेट्स आणि सेटिंग्ज करून ठेवावीत? सीनियर म्हणतात सगळ्या कमांड पाठ हव्यात, खरं आहे का?

एडिटरच्या एक्स्टेन्शनच्या याद्या ढिगाने मिळतील, मी पाठांतराबद्दल बोलतो कारण त्या विषयावर माझं डोकं फिरतं.

इंदूरला विजय नगरात एका लहानशा कंपनीत होतो. आमचे सीनियर पण मराठीच, रामबागेतले, माणूस सज्जन पण खूळ एकच, खऱ्या डेव्हलपरला सगळं तोंडपाठ पाहिजे. माझ्याकडे एक साधी टेक्स्ट फाइल असायची, जी कमांड दुसऱ्यांदा शोधावी लागली ती त्यात जायची आणि खाली एक ओळ, कशासाठी लागली होती ते. ती स्क्रीनवर दिसली की सर सगळ्यांसमोर, "काय रे, चिट घेऊन बसलास का परीक्षेला?"

मग एका शुक्रवारी रिलीज होतं. सरांनी विंडोजवर डिप्लॉयची स्क्रिप्ट बदलली, लिनक्स सर्व्हरवर टाकली, चालवली तर म्हणे "बॅड इंटरप्रिटर, नो सच फाइल ऑर डिरेक्टरी". एलएस करून फाइलींची यादी बघितली तर फाइल समोर. टेस्टिंगवाला मागून ओरडतोय, "अरे भिया, फाइल तो दिख री है!" सरांनी परमिशन 777 करून बघितली (म्हणजे सगळ्यांना सगळी मुभा, हे तुम्ही करू नका), मग पाथ तपासले, मग सर्व्हरच रीस्टार्ट करू म्हणाले. मी गुपचूप माझी फाइल उघडून त्यात "इंटरप्रिटर" शोधलं. फाइल दाखवणाऱ्या कॅट कमांडला मोठा ए लावून (cat -A) स्क्रिप्ट बघितली तर प्रत्येक ओळीच्या शेवटी ^एम$. विंडोज ओळ संपवताना दोन कॅरेक्टर टाकतं, सीआर आणि एलएफ, लिनक्सला नुसतं एलएफ लागतं, स्क्रिप्ट कोणत्या प्रोग्रामने चालवायची ते पहिल्या ओळीत असतं, इथे बॅश, म्हणून त्या बॅशच्या नावाला तो सीआर (^एम म्हणजे तोच) चिकटतो आणि तसल्या नावाचा प्रोग्राम कुठून असणार? म्हणजे "फाइल नाही" ही तक्रार स्क्रिप्टबद्दल नसतेच, बॅशबद्दल असते. एररमध्ये ^एम दिसतही होता, पण घाईत कोण बघतंय. ते सीआर काढून टाकणारं डॉसटूयुनिक्स चालवलं, झालं काम. सर म्हणाले, "हे मला माहीत होतं रे, आठवलं नाही."

अहो मग मी इतके दिवस दुसरं काय सांगत होतो!

असो, तुमचा प्रश्न. रेपोमध्ये (गिटमध्ये ठेवलेला प्रोजेक्ट) .gitattributes फाइल ठेवा आणि तिच्यात एसएच फाइलींना, म्हणजे स्क्रिप्टना, eol=lf लावा, म्हणजे वरचा तमाशा होणारच नाही. फाइलींची नावं देवनागरीत असतील तर गिट स्टेटसमध्ये \340\244 असला कचरा दिसतो, गिटच्या सेटिंगमध्ये core.quotepath फॉल्स करा, नावं नीट वाचता येतात. बॅशची हिस्टरी, म्हणजे टाइप केलेल्या कमांडची नोंद, वाढवा, उबुंटूवर ती मुळात 1000 ओळींचीच असते, आणि तिच्यात शोधायला कंट्रोल आर वापरायची सवय लावा, अर्धं पाठांतर तिथेच वाचतं. क्रॉन (ठरल्या वेळी कमांड आपोआप चालवणारं) लावताना सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागच्या वेळेवर, आहे का बघा, नाहीतर संध्याकाळी 6 ला ठरवलेला रिपोर्ट आपल्याकडे रात्री साडेअकराला येतो आणि क्लायंटचा फोन त्याच्या आधी. git reset --hard करून कमिट (गिटमध्ये जतन केलेले बदल) उडाले तर रडायच्या आधी git reflog ही गिटची नोंदवही बघा, सापडतात. जे कमिटही केलं नव्हतं आणि git add ही नाही, ते मात्र गिट परत देत नाही.

पाठ करायचंच तर कारण पाठ करा, ओळ कशी संपते, शेल प्रोग्राम कसा शोधतो वगैरे. कमांडचे फ्लॅग पाठ करून कोणाला पगारवाढ मिळालेली मी तरी बघितली नाही, आणि ज्यांना वाटतं मिळते त्यांनी टार कमांड न बघता लिहून दाखवावी, सर तुम्ही पण.

हां, एक मात्र सरांचं बरोबर होतं, क्लायंटच्या सर्व्हरवर तुमचे एलियस, म्हणजे कमांडना दिलेली छोटी नावं, नसतात, म्हणून एलियस करायच्या आधी मूळ कमांड चार वेळा हाताने टाइप करा. आणि माझ्यासारखी कमांडची टेक्स्ट फाइल ठेवलीत तर तिच्यात पासवर्ड, टोकन (पासवर्डसारखीच गुप्त किल्ली) अजिबात नको. गिटवर एकदा चढलं की पुढच्या कमिटमध्ये पुसलं तरी हिस्टरीत राहतं, टोकन बदलूनच सुटका होते. थीम कुठली ते माझ्याकडून राहिलंच, पण ते खरंच कोणालाही विचारा.