400 पाहुणे, 860 ताटं

प्रश्न: ताई, मुलीचं लग्न ठरलंय. व्याही पुण्याचे, तिकडून 60 माणसं येतील. आमच्याकडचे धरून एकूण 400. दागिने सोडून 10 लाख बाजूला ठेवलेत. बायपासवरच्या मॅरेज गार्डनने देवउठनीनंतरच्या (कार्तिकी एकादशीनंतरच्या) तारखेला अडीच लाख भाडं सांगितलं, केटरर ताटाला 500 म्हणतो. म्हणजे जेवणाचे 2 लाख. तरी नातेवाईक म्हणतात, 10 लाखांत भागणार नाही, कर्ज काढा. काढू का?
– एक वधुपिता, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर: दादा, कर्ज काढू नका. पण जेवणाचे 2 लाख हा आकडा आजच खोडा.

एका मराठी सभागृहाचं बुकिंग आणि हिशेब मी बरीच वर्षं सांभाळले. घराघरांचं गणित चुकताना पाहिलं ते याच जागी. पाहुणे 400 असले म्हणून ताटं 400 होत नाहीत. पुण्याची मंडळी रात्रभर प्रवास करून आदल्या सकाळी उतरणार. त्या दुपारी ते 60 आणि तुमच्या घरचे 30 धरा, 90 ताटं. रात्री सीमांतपूजनाला 120. लग्नाच्या दुपारी 250. संध्याकाळी रिसेप्शनला 400. झाली 860 ताटं, म्हणजे 4,30,000 रुपये. दोन्ही सकाळचे पोहे-जलेबी आणि दिवसभराचा चहा यात नाहीच.

इंदुरात आपण एका मुलीची दोन लग्नं लावतो, असं मी नेहमी म्हणते. दुपारी आपल्या पद्धतीनं अंतरपाट, मंगलाष्टकं, मसालेभात, मठ्ठा, जिलबी. संध्याकाळी इथल्या पद्धतीनं स्टेज, लाइटिंग आणि दाल-बाफल्यापासून गराडूपर्यंत काउंटर. ऑफिसातली, शेजारची माणसं आपल्याला रात्रीच्या लग्नाला बोलावतात, त्यांना दुपारी कसं बोलवायचं, हा संकोच मला कळतो. तरी माझं ऐका, त्यांना मुहूर्तालाच बोलवा. हातात अक्षता घेऊन मंगलाष्टकं ऐकणारे, शेवटी ‘सावधान’ म्हणायला शिकलेले माळवी शेजारी मी पाहिलेत. त्यांना आपलं लग्न आवडतं. आणि ऐन मुहूर्ताला माणसांनी भरलेला मांडव मुलीच्या वाट्याला येतो, याचं मोल मला फार वाटतं.

रिसेप्शन काढलंत आणि दुपारची पंगत 350 ची धरलीत, तर एकूण 560 ताटं, 2,80,000 रुपये. नुसत्या जेवणात दीड लाख वाचले. शिवाय रात्रीची लाइटिंग, जनरेटर, दुसरं डेकोरेशन, मुलीचा दुसरा मेकअप, सगळं गेलं. रात्री 10 नंतर लाउडस्पीकरला बंदी असते, त्यावरून डीजेवाल्याशी होणारी हुज्जतही टळली.

आता तारीख. देवउठनी ग्यारस, वसंत पंचमी, अक्षय्य तृतीया या दिवसांच्या आसपास अख्ख्या माळव्याची लग्नं असतात. गार्डन, बँड, घोडी, फुलवाला, कुणीच भाव सोडत नाही. मग डिसेंबरच्या मध्याला सूर्य धनु राशीत गेला की इथले लोक खरमास पाळतात आणि संक्रांतीपर्यंत लग्नं थांबतात. आपल्याकडे मात्र पौष टाळतात. मार्गशीर्ष चालू असेतो आपल्या पंचांगात मुहूर्त मिळतात. म्हणजे डिसेंबरच्या उत्तरार्धात गार्डन रिकामं आणि तुमच्याजवळ मुहूर्त, असा योग जुळू शकतो. गुरुजींना आणि व्याह्यांना विचारा, मग त्याच गार्डनवाल्याकडे पुन्हा जा. तेव्हा बोलणी तुमच्या बाजूनं होतील. नाताळ आणि 31 डिसेंबरच्या आसपास हॉटेलं महागतात, एवढं सांभाळा. दिवसाचंच लग्न असेल तर गार्डन तरी कशाला? समाजाच्या सभागृहात 350 माणसं दोन-तीन पंगतींत आरामात जेवतात.

केटररशी बोलताना ताटाच्या भावाआधी विचारा: कमीत कमी किती ताटांचे पैसे घेणार? 350 ची हमी दिलीत आणि 290 आले, तरी पैसे 350 चेच जातात. म्हणून हमी 300 ची द्या आणि वरची 50 ताटं त्याच भावात वाढतील, हे कागदावर लिहून घ्या. पंगतीत वाढपी कोण देणार, तेही लिहा. आणि ताटं मोजायला घरातला एक खमका भाचा बसवा. केटररचा माणूस एकटा मोजतो तिथे वाद होतात.

वऱ्हाडाला चोवीस तासांचा चेक-आउट असलेलं हॉटेल बघा. दुपारी 12 ला दिवस बदलणाऱ्या हॉटेलात सकाळी 8 ला उतरलेल्या माणसाचं एक दिवसाचं भाडं जास्त लागतं. रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, तो दिवस व्याह्यांना कळवून ठेवा.

मानपानाच्या साड्यांबद्दल एवढंच: विहीणबाईंना तुमच्या सौभाग्यवतींनी स्वतः फोन करून ‘दोन्हीकडून देणं-घेणं नको’ असं सुचवावं. बहुतेक वेळा पलीकडूनही सुटकेचा श्वास ऐकू येतो. त्याच फोनवर खर्च निम्मा-निम्मा करण्याचाही विषय काढावा. पुण्याकडे ही रीत आता रुळलीय, त्यात कमीपणा नाही.

हे सगळं करून हाताशी येईल त्यातले 50 हजार वेगळ्या पाकिटात ठेवा. शेवटच्या चार दिवसांत रिक्षा, फुलं, बक्षिशी, औषधं यांत ते जातात.

प्रश्न: सासूबाईंची मोहनमाळ मोडून सुनेसाठी नवा हार करावा का? सराफ्यातले दुकानदार म्हणतात, घडणावळ सोडली तर फारसा खर्च नाही.
– एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर: मोडू नका. जुन्या दागिन्यात भरलेली लाख आणि सांध्यांचे डाग वजनातून वजा होतात, शुद्धता कमी निघाली तर आणखी घट येते. नव्यावर घडणावळ आणि वर 3 टक्के जीएसटी. ‘फारसा खर्च नाही’ म्हणणाऱ्याकडून हे चारही आकडे वेगवेगळे लिहून मागा. नवा दागिना घेतलातच, तर त्यावर हॉलमार्कचा सहा अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक, म्हणजे एचयूआयडी, हवा; 1 एप्रिल 2023 पासून तो सक्तीचा आहे. मोहनमाळ उजळून, दोरा बदलून सुनेला द्या, आणि घालण्याआधी ती कुणाची होती ते तिला सांगा.