सेटर रजेवर गेला की शॉप बंद?

प्रश्न : शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशीनशॉप आहे. माणसं 22. पंपांची आणि ट्रॅक्टरची कास्टिंग (ओतीव भाग) मशीनिंगला येतात. सेटर, म्हणजे नव्या जॉबसाठी (भागासाठी) मशीन जुळवून देणारा, एकच. तो गावी गेला की नवा जॉब लागत नाही. पोरांना शिकव म्हटलं की ‘बघू’ म्हणतो. बाहेरून लीडरशिपचं ट्रेनिंगही आणलं. पोरांनी नाश्ता केला, सर्टिफिकेट घेतलं, संपलं. सुपरवायझर घडवायचे कसे?
— एक उद्योजिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, सेटरचं काय चुकलं? त्याच्यावाचून तुमचं अडतं, म्हणून त्याला भाव आहे. तोच त्यानं पोरांत फुकट वाटावा असं तुम्ही म्हणताय. आधी त्याच्याशी व्यवहार करा. दोन पोरं स्वतंत्र सेटिंग करू लागली की पगार इतका वाढेल आणि शॉप त्याच्या हाताखाली येईल, हे लेखी द्या. तोंडी आश्वासनं त्यानं पुष्कळ ऐकली असतील.

मग शिकवण्याची पद्धत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतले कुशल कामगार सैन्यात गेले, कारखान्यांत नवखी माणसं आली. तेव्हा फोरमन लोकांना ‘शिकवायचं कसं’ हे शिकवणारा टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम तिथल्या सरकारनं चालवला. युद्धानंतर तो जपानात गेला आणि टोयोटानं घट्ट धरला. त्याचं आज वापरलं जाणारं हत्यार म्हणजे एक साधा कागद आणि तीन रकाने : काय करायचं, कुठे जपायचं, का जपायचं.

‘काय’ पोरांना दिसतंच. सेटरच्या डोक्यात असतात ते उरलेले दोन रकाने. जॉब बसवण्याआधी लोकेटर, म्हणजे जॉब जिथे टेकतो तो आधार, हवेनं साफ करायचा. कारण एक चिप (धातूचा कीस) खाली राहिली तरी जॉबचा फेस, म्हणजे सपाट बाजू, तिरका येतो. पातळ भिंतीचं कास्टिंग फार आवळायचं नाही. कारण मशीनवर मोजताना बोअर (आतलं भोक) गोल दिसतो आणि क्लॅम्प सोडला की लंबगोल होतो. हे ड्रॉइंगवर नसतं. सेटरला मात्र लिहायला बसवू नका, तो महिनाभर पेन शोधत बसेल. पोरानं शेजारी उभं राहून लिहावं, सेटरनं खोडावं. नंतर पोरानं जॉब लावून दाखवायचा आणि प्रत्येक ‘का’ तोंडानं सांगायचा. ‘का’ला अडखळला तर शिकवणं अर्धवट राहिलंय, आणि ते सेटरच्या खात्यावर.

पोरं निवडताना सर्वांत जास्त पीस काढणारा घेऊ नका. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे ज्याला अडचण विचारतात, तो घ्या. सुपरवायझर तोच होईल.

आता तुमच्याबद्दल. पीस रिजेक्ट झाला की पहिला फोन तुम्हालाच येतो ना? आणि उत्तरही तुम्हीच देता? मग सुपरवायझरनं करायचं काय? टोयोटात लाइनवरचा कामगार अडला तर दोरी ओढतो आणि त्याचा टीम लीडर मदतीला येतो. तुमच्याकडे ऑपरेटरनं मशीन थांबवलं की पहिला प्रश्न ‘कुणी केलं?’ असा येत असेल, तर पुढचा बिघडलेला पीस गुपचूप भंगारात जाईल. फोन आला की ‘तू काय करशील?’ एवढंच विचारा. सुरुवातीला थोडा माल वाया जाईल. तो खर्च तुम्हाला नाश्त्यावाल्या ट्रेनिंगपेक्षा नक्की स्वस्त पडेल.

पुण्यात टेल्कोचं (आजची टाटा मोटर्स) काम 1960 च्या दशकात सुरू झालं, पण तिथलं पहिलं व्यापारी वाहन बाहेर पडलं 1977 साली. मधल्या काळात कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकरांनी अप्रेंटिस (शिकाऊ कामगार) आणि टूलिंगची, म्हणजे साचे-हत्यारं बनवणारी, माणसं घडवली. तुम्हाला इतकं थांबणं परवडणार नाही, मान्य. पण एखाद-दुसरा आयटीआयचा मशिनिस्ट अप्रेंटिस घेता येईल. कायद्यानं सक्ती 30 माणसांपासून आहे, तुमच्यासाठी ऐच्छिक. केंद्राच्या योजनेत विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिना 1500 रुपयांपर्यंत, सरकार देतं. फक्त त्याला चिप्स भरायला आणि चहा आणायला ठेवू नका. तसलं काम मिळालं तर हुशार पोरगं दिवाळीनंतर परत येत नाही.